उजवा अंगठा

१२ नोव्हेंबर

धाकटे,

पाकिटावर माझंच नाव बघून दचकू नकोस. तुझं नाव घातलं असतं तर पत्र परत आलं असतं, कारण त्या पत्त्यावर तू माझ्या नावाने राहतेस. हे मला काल कळलं. बावीस वर्षांत तुझा ठावठिकाणा कोणी सांगितला नाही, तो शेवटी पेन्शन ऑफिसच्या तीन नंबरच्या खिडकीने सांगितला.

अक्षर डाव्या हाताचं आहे. इतकी वर्षं गिरवूनही कोंबडीचे पायच उमटतात. गोड मानून घे.

कामाचं बोलते. सप्टेंबरपासून माझी अपंगत्वाची पेन्शन बंद आहे. ऑक्टोबरात मला साठ पूर्ण झाली, म्हणजे म्हातारपणाचीही सुरू व्हायला हवी, पण ती फाइल या फाइलीला बांधलेली. ही अडली म्हणून तीही अडली. हेल्पलाइनवर एक बाई गोड आवाजात सांगते की तुमचा कॉल आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे, आणि मग अर्धा तास पिपाणी वाजवते. शेवटी स्वतः गेले. अठ्ठ्याऐंशी नंबरचं टोकन मिळालं, दुपारी खिडकीपाशी पोचले. तिथला कारकून पोरगेलासा आहे, दर दोन वाक्यांना जांभई देतो.

"मावशी, तुमचा हयातीचा दाखला आलाय की," तो म्हणाला. "चार तारखेला. डोंगरापलीकडच्या केंद्रात."

"मी इथे आणि दाखला तिकडे?"

"ते मला नाही माहीत. अंगठा तुमचाच आहे. नऊ वर्षं तिकडेच देताय तुम्ही. पत्ताही तिकडचाच आहे."

"कुठला अंगठा?"

"उजवा."

मी कोटाच्या खिशातून हात काढला आणि त्याच्यासमोर फळीवर ठेवला. "हा घे उजवा. शोध." त्याची जांभई अर्ध्यात राहिली.

तुला आठवत असेलच. हॉस्पिटलचा तो बोळ, माझ्या हाताला एवढं मोठं बँडेज, आणि तो अर्ज. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट गेल्याबद्दलचा अर्ज, आणि खाली चौकट: अर्जदाराच्या उजव्या अंगठ्याचा ठसा. ठशाशिवाय अर्ज पुढे जात नाही म्हणाला तो माणूस. अंगठा नाही म्हणून तर अर्ज आहे, हे त्याच्या डोक्यात शिरेना. मग तूच शाईत अंगठा बुडवलास आणि चौकटीत टेकवलास. "शाईच तर आहे, ताई," म्हणालीस.

पुढे अंगठ्याची मशीनं आली, जुने ठसे मशीनमध्ये गेले, आणि नोटीस निघाली की दरवर्षी नोव्हेंबरात अंगठा द्या नाहीतर पेन्शन बंद. मी घाबरून घरात बसले. काय दाखवणार होते जाऊन? पण पेन्शन बंद झाली नाही. म्हटलं, आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय, आपण कशाला भुंकायचं? नऊ वर्षं गप्प बसले. आता कळलं, दर नोव्हेंबरात तू जात होतीस.

का जात होतीस? माझं नाव लावून तिथे काय काय मिळवलंस? लाँड्रीतल्या रोलरची जाळी तू वर बांधलीस आणि हात माझा गेला, हे चौकशीत लिहिलेलं आहे. तरी मी तुझ्या मागे लागले नाही. आणि तू माझं नाव उचलून नेलंस?

फाइलीवर सात नंबरची नोंद पडली आहे, ती म्हणे मोठे साहेबच उघडतात. ते उघडतील तेव्हा उघडतील. जांभईवाल्याचं म्हणणं, तीस तारखेच्या आत दोघी साहेबांसमोर उभ्या राहिलो तर काही होऊ शकेल, नाहीतर फाइल कायमची बंद. फाइल गेली तर ही खोली गेली. मला तुझा अंगठा पाहिजे, धाकटे. एकदाच ये. मग तू तुझ्या वाटेने, मी माझ्या.

ताई

१९ नोव्हेंबर

धाकटे,

उत्तर नाही. ठीक आहे. राग धरून ठेवायला तू कोणाकडून शिकलीस ते मला माहीत आहे.

आज पुन्हा गेले होते. जांभईवाल्याला आता माझ्या फाइलीत रस वाटायला लागलाय, टोकन न घेताच बोलावतो. म्हणाला, पाच वर्षांपासून अंगठ्याबरोबर फोटोही काढतात. पडदा माझ्याकडे वळवला.

पहिल्या फोटोत तू होतीस. जाड झालीस, पण तूच. दुसऱ्यात केस कापलेले, मी कापते तसे, मानेपाशी सरळ. तिसऱ्यात उजव्या हातात राखाडी मोजा, अंगठा तेवढा बाहेर आणि शेजारच्या बोटाची जागा रिकामी लोंबतेय. तुझं बोट तर शाबूत आहे गं. आत दुमडून का बसलीस? चौथा फोटो आला तेव्हा कारकून म्हणाला, "या तर तुम्हीच, मावशी." मी चष्मा पुसून पुसून पाहिलं. खांदा एका बाजूला पडलेला, ओठ आवळलेले. मी तिकडे कधी गेले नाही हे मला माहीत आहे, तरी मला खात्रीने नाही म्हणता येईना.

पाचवा यंदाचा. त्यात खुर्ची आहे, मागची भिंत आहे, भिंतीवरचा विजेचा बोर्ड आहे. खुर्चीत कोणी नाही.

"हललात वाटतं," तो म्हणाला.

"हललेला माणूस पुसट येतो, बाबा. नाहीसा नाही होत."

"मग कॅमेरा बिघडला असेल. पण ठसा बघा किती लख्ख आहे. आधीच्या वर्षांचे सगळे झिजलेले, चार-चार वेळा टेकवावे लागलेत. यंदाचा एका झटक्यात. जुन्या अर्जावरच्या ठशासारखा, हुबेहूब." आणि त्याने वेळ वाचून दाखवली. अकरा वाजून चार मिनिटं.

एक सांगू? हसू नकोस. चार तारखेला सकाळी मी भांडी घासत होते आणि माझ्या नसलेल्या अंगठ्याला काहीतरी गार लागलं. काचेवर टेकवल्यासारखं. असे भास मला अधूनमधून होतात, डॉक्टर म्हणतात होतात. पण त्या वेळी रेडिओवर अकराच्या बातम्या नुकत्याच लागल्या होत्या, म्हणून लक्षात राहिलं. तेव्हापासून मी तो हात खिशातून काढत नाही.

जाळी कोणी बांधली यावरून आता भांडायला नको. जुन्या गोष्टी त्या. मी शनिवारी येते आहे. दार उघड.

ताई

२४ नोव्हेंबर

धाकटे,

आता हे पत्र कुठे टाकू?

काल आले होते मी. तीन तासांची बस, मग चढाची गल्ली, खाली बेकरी आणि वर तुझी खोली. बेकरीवाली पावाचा ट्रे घेऊन बाहेर आली, मला पाहिलं आणि जागच्या जागी थांबली. "तुम्ही?" म्हणाली. "तुम्ही तर ऑगस्टमध्ये गेलात." मग तिची नजर माझ्या हाताकडे गेली. हात मीच काढून दाखवला.

"तिला अंगठा होता," ती हळूच म्हणाली. "म्हणजे तुम्ही बहीण का तिची? पण ती तर सांगायची, बहीण मशीनवर गेली म्हणून. धाकटी बहीण."

स्वतःलाच मारून टाकलंस तू. आणि नंतर खरोखरच गेलीस. आधी ताप, मग छातीत कफ, चार दिवसांत सगळं संपलं. बेकरीवालीने उशाशी बसून पाणी पाजलं तुला. खोलीत कागद म्हणजे आठ वर्षांच्या आठ पावत्या, हयातीच्या, सगळ्या माझ्या नावाच्या. तिने त्याच नेऊन दाखवल्या. म्हणून मृत्यूची नोंद माझ्या नावाने झाली. सात नंबरची नोंद ती हीच. ऑगस्टमध्ये मी मेले, सप्टेंबरात पेन्शन थांबली. सरकारचं काहीच चुकलं नाही.

मी विचारलं, "मग चार तारखेला केंद्रात कोण गेलं?"

तिने फडक्याने काउंटर पुसायला घेतला. "मला नका विचारू. मी आपली पाव भाजणारी बाई. पण चार तारखेला सकाळी वर पाण्याचा आवाज येत होता. नळ राहिला असेल म्हणून बघायला गेले. किल्ली माझ्याकडेच असते. नळ बंद होता. बेसिन ओलं होतं आणि साबणाला फेस होता. दाखल्याच्या दिवशी ती हात अशी घासायची, सालं निघतील म्हणून मी ओरडायचे. ठसा नीट उमटायला पाहिजे म्हणायची."

मग तिने खोली उघडून दिली. एक पलंग, एक टेबल, दोन कप. माझी दोन पत्रं तिने दाराखालून आत सरकवली होती. ती दाराशी नव्हती. टेबलावर होती, फोडलेली, आणि घडी घातलेली. आधी उभी, मग तीन आडव्या, कडेला कड. चादरीची घडी. लाँड्रीत माझ्या हातून निघालेली चादर तू पलीकडे उभी राहून तशी घालायचीस. बेकरीवाली दाराबाहेरच थांबली होती, आत आली नाही. मी पलंगावर बसले आणि बसूनच राहिले. भीती वाटली का म्हणशील, तर वाटली. पण त्याहून लाज जास्त वाटली, कारण पहिल्या पत्रात मी काय लिहिलंय ते मला माहीत होतं, आणि ते कोणीतरी वाचलं होतं.

तर आता खोटं कोणासाठी बोलू?

जाळी मी बांधली. हात आत जाऊ नये म्हणून रोलरला असलेली जाळी दर चादरीला खाली यायची आणि मशीन थांबायचं, म्हणून आपल्याकडे सगळ्याच जणी ती फाटक्या चादरीच्या चिंधीने वर बांधून ठेवायच्या. त्या दिवशी ऑपरेशनच्या चादरी तुंबल्या होत्या. तू म्हणालीस, "ताई, सोड ती." मी म्हणाले, "तू गुपचूप घड्या घाल." मग चादर गोळा झाली, ती सरळ करायला मी हात घातला, बस.

सुपरवायझर हॉस्पिटलात आला आणि म्हणाला, स्वतःच्या हाताने जाळी बांधली असेल तर सरकार काही देत नाही, दुसऱ्या कोणी बांधली असेल तर देतं. तू खाटेच्या पायथ्याशी उभी होतीस. मी तुझ्याकडे न बघता म्हणाले, धाकटीने बांधली. त्याने तुला विचारलं. तू म्हणालीस, "हो. मीच." त्या दोन शब्दांवर तुझी नोकरी गेली, झालेल्या वर्षांची पेन्शन गेली, आणि तुझ्या नावापुढे असा शेरा बसला की कुठलीही लाँड्री तुला दारात उभं करेना. म्हणून तू माझं नाव लावलंस. बेकरीवाली सांगत होती, लॉजच्या चादरी इस्त्री करायचीस. आणि मी विचारत होते, काय काय मिळवलंस!

ताई

२७ नोव्हेंबर

धाकटे,

आज जांभईवाला मला बघून उठून उभा राहिला. "मावशी, तोंड गोड करा! झालं तुमचं काम."

साहेबांनी सात नंबर उघडला. मृत्यू ऑगस्टमधला, अंगठा नोव्हेंबरमधला. नियम असा आहे की नंतरची नोंद खरी. मेलेला माणूस अंगठा देत नाही, म्हणून मृत्यूची नोंद चुकीची ठरली, ती रद्द होणार. मी जिवंत आहे. अपंगत्वाची पेन्शन मागच्या सगळ्या थकबाकीसकट आणि म्हातारपणाची वेगळी. "अंगठा तुम्हाला नाही हे मी कुठे लिहिलेलं नाही," तो वाकून म्हणाला. "साहेबांनी अजून तुम्हाला पाहिलेलंही नाही. इथे सही करा. दरवर्षी नोव्हेंबरात अंगठा तेवढा येत राहू दे."

मी म्हटलं, तीस तारखेला करते. लक्ष्मी टिळा लावायला आली आणि म्हातारी तोंड धुवायला चालली, असं त्याला वाटलं असणार.

घरी आले आणि खरं सांगते, अर्धा दिवस सही करायचीच असं ठरवून बसले होते. खोली गार आहे. डाव्या हाताने मी काय कमावणार? शिवाय तुला काय त्रास आहे आता, असंही मनात आलं. येईल नोव्हेंबरात, हात धुवेल, अंगठा टेकवेल, जाईल. इतकी निर्लज्ज आहे मी.

संध्याकाळी दिवा लावला तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी सही केली की तुझा मृत्यू रद्द. म्हणजे तू गेलीस असा कागद नाही, आणि तू होतीस असाही कागद बावीस वर्षांत कुठे नाही. कामावरून काढल्याचा तेवढा एक आहे. आणि त्यावर जे लिहिलंय ते मी लिहवलेलं आहे.

पाठीमागे कोणीतरी चादर झटकल्यासारखा आवाज झाला. मी वळले नाही. "थांब," एवढंच म्हणाले. "तीस तारखेपर्यंत थांब."

ताई

३० नोव्हेंबर

धाकटे,

सांगितलं सगळं.

साहेब बारीक चणीचे, टेबलावर औषधाच्या बाटल्या. आधी ऐकूनच घेईनात, त्यांची फाइल मिटली होती. मग मी हात टेबलावर ठेवला. जांभईवाला दारातून खुणा करत होता, मावशी, गप्प बसा ना. त्याच्या दृष्टीने मी पायावर धोंडा पाडून घेत होते, आणि पाडूनच घेत होते म्हणा.

"तुम्ही काय लिहून देताय ते कळतंय का तुम्हाला?" साहेबांनी दोनदा विचारलं.

"बावीस वर्षांपूर्वी कळत नव्हतं," मी म्हटलं. "आता कळतंय."

डाव्या हाताने चार पानं लिहिली. जाळी कोणी बांधली, ठसा कोणाचा, नऊ वर्षं मी घरात का बसले. अपंगत्वाची फाइल तिथेच बंद झाली. दंडाचं काय ते नंतर कळवणार आहेत. म्हातारपणाची तेवढी राहील, तीही कापून, आणि तिला माझा डावा अंगठा चालेल असं साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं. इतकी वर्षं कोणी विचारलं असतं तर तो माझ्याकडे होताच की.

तिथून दुपारची बस पकडून तुझ्या गावच्या जन्ममृत्यू नोंदणीच्या ऑफिसात पोचले. तिथली बाई टेबल आवरत होती, पण साहेबांची चिठ्ठी बघून बसली. मयताचं नाव विचारलं. मी तुझं नाव घेतलं. बावीस वर्षांत मी ते मोठ्याने उच्चारलं नव्हतं, धाकटे. दोनदा सांगावं लागलं. मयताशी नातं? थोरली बहीण. तिने माझ्या नावावर रेघ मारली, वर तुझं लिहिलं आणि शिक्का मारला.

तू ऑगस्टमध्ये गेलीस, तुझ्या स्वतःच्या नावाने. आता कागदोपत्री मी आहे आणि तू नाहीस, जे खरं आहे तसं. आता येऊ नकोस. हात घासू नकोस. माझ्यासाठी फार केलंस. नीज आता.

तुझी ताई

२९ नोव्हेंबर, पुढचं वर्ष

धाकटे,

पत्ता तोच आहे, फक्त आता तिथे मी राहते. माझी खोली सुटली तेव्हा बेकरीवालीने तुझी देऊ केली. सकाळी तिच्याकडे पाव मोजून पिशव्यांत भरते. डाव्या हाताने भराभर जमतं आता, ती म्हणते तुझ्यापेक्षा बडबड जास्त करते मी. जांभईवाल्याने मध्यंतरी एक चिठ्ठी पाठवली होती, दंड हप्त्यांनी भरायची परवानगी त्यानेच खटपट करून काढून दिली. भला पोरगा आहे.

यंदाचा दाखला मला याच केंद्रात द्यायचा होता. एक तारखेलाच देऊन मोकळी झाले असते. गेले नाही. रोज सकाळी आधी हेल्पलाइनला फोन करायचे. पिपाणी ऐकायची, नंबर सांगायचा, आणि ती गोड आवाजाची बाई म्हणायची, आपल्या हयातीची नोंद या वर्षी झालेली नाही. चार तारखेला तर अकरा वाजेपर्यंत बेसिनपाशी स्टूल टाकून बसले होते. नळ कोरडा होता. हाताला काही गार लागलं नाही. बेकरीवाली वर येऊन म्हणाली, "कोणाची वाट बघताय?" मी म्हटलं, "कोणाची नाही."

असं अठ्ठावीस दिवस. काल शेवटी गेले. खिडकीवरच्या मुलीने पडदा बघितला आणि म्हणाली, "आजी, यंदा तुमची नोंदच नाही कुठे, फार उशीर केलात." मी डावा अंगठा टेकवला. पहिल्या झटक्यात लागला. तिने पावती हातात दिली, आणि मी तिथेच, रांगेतल्या सगळ्या माणसांसमोर, हमसून रडले. त्या बिचारीला वाटलं पेन्शन मिळाल्याचा आनंद झाला.

येऊ नकोस म्हटलं होतं मी, ते खरं. पण माझं इतकं ऐकायचं नसतं गं.

ताई